पांढरी पाचचा हट्ट

मी एका चांगल्या, चालत्या गळ्याची वाट लावली. आयुष्यात बाकी फार मोठं पाप केल्याचं आठवत नाही. शेजारणीच्या कुंडीतली जास्वंद पहाटे तोडायचे, तेवढं सोडा. पण हे केलं, आणि तेही शिकवण्याच्या नावाखाली. गळा माझ्या सुनेचा होता.

तेव्हा मी पन्नाशीच्या अलीकडे होते आणि स्वतःला बडोद्याच्या संगीताची राखणदार समजत होते. कोणी नेमलं नव्हतं. वाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत गाण्याचे वर्ग चालायचे. भिंतीला टेकलेला तानपुरा, आणि त्याच्याशेजारी माझा चेहरा असा की मुलींनी शिंकसुद्धा सुरात द्यावी. खालून वरात वाजत गेली की मी खिडकी लावून घ्यायचे. मुली घामाघूम व्हायच्या, पण संस्कार होत होते ना!

अशा घरात माझ्या मुलानं बडोद्यातल्याच वासण्याची गुजराती मुलगी आणली. ती त्याला गरब्यात भेटलेली. बरं, गरबा खेळणारी नाही, गाणारी. नवरात्रात मैदानावर जी मंडळी स्टेजवरून नऊ रात्री गातात, त्यांतली एक. मागे ढोल, कीबोर्ड, ऑक्टोपॅड. देवीचा जुना गरबा चालू असताना मध्येच सिनेमाचा ठेका शिरणार, आणि त्याच ठेक्यावरून गाडी परत देवीपाशी येणार. मी त्याला भेळ म्हणायचे. भेळ मला खायला अतिशय आवडायची, तो भाग वेगळा.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो स्वयंपाकघरातून. लग्नाला आठवडा झाला असेल. थेपले लाटता लाटता गात होती. उघडा, खणखणीत आवाज. ओळ संपताना ती तो एकदम वर उडवून सोडून द्यायची; उत्तरायणात पतंगाला हिसका देतात ना, तसा. माझं तांदूळ निवडणं थांबलं. खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. आणि मग मला माझी संगीताची पदवी आठवली.

"गळा चांगला आहे," मी म्हटलं, "पण कच्चा आहे. आणि शेवटी ही उचकी कसली लागते तुला?"

"उचकी नाय आई. ते तर आपोआप येतं," ती हसत म्हणाली.

"आपोआप येतं ते गाणं नव्हे. उद्यापासून सकाळी सहाला बसत जा माझ्यासमोर."

नवी सून. "हा आई," म्हणाली. नवी नसती तरी तेच म्हणाली असती, हे पुढच्या पंचवीस वर्षांत मला नीट कळलं.

पेटीवर प्रत्येक गळ्याची एक पट्टी असते. तिचा गळा काळी पाचला फुलायचा. माझा पांढरी पाच, म्हणजे तिच्यापेक्षा चांगली तीन घरं खाली. तानपुरा अर्थात माझ्या पट्टीत. शिकणाऱ्याला त्याच्या पट्टीत शिकवावं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. वर्गातल्या मुलींसाठी मी खुंट्या पिळायचेही. पण सकाळी सहाला घरच्या सुनेसाठी तानपुरा चढवायचा, ती गेली की परत उतरवायचा, एवढे कष्ट कोण घेणार? "इतका वर नेला तर तारा तुटतील," असं मी ठोकून दिलं. तिला काय कळणार होतं! "तूच आवाज खाली आण. खर्ज भरला की सगळं येतं."

वर्षभर तिनं माझ्या पट्टीत सा लावला. शब्द नाही, ठेका नाही, नुसता सा. उचकी लागली की मी मांडीवर बोट आपटायचे. हळूहळू उचकी गेली. आवाज गोल झाला, आज्ञाधारक झाला, इस्त्री करून घडी घातलेल्या रुमालासारखा. "आता माणसात आली," मी बहिणीला फोनवर सांगितलं. सूनबाई तेव्हा शेजारीच भाजी चिरत होती.

नवरात्र आलं. जन्मात पहिल्यांदा मी गरब्याच्या मैदानावर गेले आणि कडेच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ऐटीत बसले. माझी मेहनत लोकांच्या कानांवर पडणार होती ना! कीबोर्डवाल्यानं नेहमीची काळी पाच दिली. तिनं पहिली ओळ उचलली, आणि आवाज अर्ध्या वाटेवर जाऊन हात जोडून उभा राहिला. पुन्हा उचलली. पुन्हा तेच. शेवटचा हिसका द्यायची जागा आली तशी गेली. खेळणाऱ्यांचा गोल थांबला नाही, पण सैलावला. टाळ्या इकडेतिकडे पडायला लागल्या. मग दुसऱ्या बाईनं ओळ उचलून घेतली आणि पाय पुन्हा धावू लागले. माझी सून माईक मांडीवर ठेवून बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवत बसली.

निघताना म्हातारा ढोलवाला तिला हळूच म्हणाला, "बेन, आ वरसे जरा आराम करो ने." म्हणजे यंदा गाऊ नका.

रिक्षात मी गप्प बसले असते तरी पुष्कळ होतं. पण मी म्हणाले, "मैदानावर असंच व्हायचं. त्या लोकांना सुरेल गाणं पचत नाही." हे वाक्य मी खरंच बोलले. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर ती गायली नाही. स्टेजवर नाही, सकाळी सहाला नाही, थेपले लाटतानाही नाही. आधी डोकं दुखायचं, मग दिवस गेले, मग शाळेतली नोकरी लागली. मी कधी विचारलं नाही. तिनं तोंड फुगवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण तिनं माझ्या गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या, माझा खुबा मोडला तेव्हा मला अंघोळ घातली, आणि रोज दुपारी जेवायला हाक मारली, "आई, जमून घ्या ने, थंडं होतं." अशा माणसासमोर अपराधी असणं फार दमवतं. मी पंचवीस वर्षं दमते आहे.

आता आम्ही बडोद्यातच हरणीला राहतो, सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. वर्ग कधीच बंद झाले. गळ्याची गत तेल न घातलेल्या बिजागरीसारखी. तानपुरा गवसणीत घालून कपाटामागे उभा, शिक्षा झालेल्या मुलासारखा. मधूनमधून काढते, त्याच पट्टीत छेडते, ठेवून देते. मला वाटलं होतं, संगीतानं आता मला सोडलं. तर या उन्हाळ्यात नातीनं धरलं.

नात कॉलेजात जाते आणि लॅपटॉपवर गाणी बनवते. वाद्यं कुठेच दिसत नाहीत, आवाज मात्र दहा माणसांचा.

"आजी, तू फक्त आलाप कर. खाली मी बेस टाकणार, त्यावर गरब्याचा ठेका, मग गरब्याची एक ओळ, मग परत तुझा आलाप."

"म्हणजे भेळ."

"हो, भेळ. आणि तू लिंबू."

लिंबू म्हटल्यावर पिळणं आलंच. तिनं माझ्याभोवती गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि कानात टिकटिक सोडली. मी श्वास घ्यायला थांबले तरी ती टिकटिक थांबेना. आलाप जरा जमला की वरून विमान. नवव्या खेपेला माझी दशा जिना चढून आल्यासारखी झाली. जन्मभर मी लोकांच्या गळ्यांना माप लावलं. आता एक डबडं मला माप लावत होतं, आणि मी मापात बसत नव्हते.

"झालं आजी, बाकी मी करते," म्हणून तिनं कसलीशी कळ दाबली आणि मला ऐकवलं. थरथर गेली होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी माझी लाडकी मींडही वरवंटा फिरवल्यासारखी सपाट झाली होती.

"ही बाई कोण?"

"तू!"

"मी इतकी सरळ कधीच नव्हते गं."

ती खो खो हसली आणि थोडी थरथर परत घातली. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "गरब्याच्या ओळीला मला मम्मीचा आवाज हवा होता. पप्पा म्हणतात ती जबरदस्त गायची. मी विचारलं तर म्हणाली, मला नाही येत."

मी पाणी प्यायले. पाणी संपल्यावरही ग्लास तोंडाला लावून ठेवला.

"मग कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडून ती ओळ घेतली. तिचा सूर ए शार्प आहे, तुझा खाली आहे. म्हणून तुला वर सरकवते. बघ."

ए शार्प. मी मनातल्या मनात पेटीच्या पट्ट्या मोजल्या. काळी पाच. नातीनं एक बोट दाबलं आणि माझा आवाज तीन घरं वर जाऊन उभा राहिला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. एक सेकंद लागतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगा आणि नात बाहेर गेले होते. सून स्वयंपाकघरात कढीला फोडणी देत होती. मी कपाटामागून तानपुरा ओढला. जमिनीवर बसणं आता होत नाही, म्हणून खुर्चीवर बसून तो मांडीशी टेकवला. खुंट्या हटून बसल्या होत्या. खडू लावला, पदरानं धरून पिळल्या. मनगटात कळा येत होत्या. पेटीची काळी पाच धरून एकेक तार चढवत होते आणि दर पिळाला तोंड फिरवून घेत होते, आता तुटेल म्हणून. अर्धा तास गेला. एकही तार तुटली नाही. त्या चार तारांनी माझं जुनं खोटं माझ्याच मांडीवर उघडं पाडलं.

छेडला. आवाज जरा पातळ, जरा रागावलेला, पण काळी पाच. आत गॅस बंद झाल्याचा आवाज आला. या घरात तानपुरा एकाच पट्टीत वाजतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? हात पुसत ती दारात येऊन उभी राहिली.

मी वाक्य तयार ठेवलं होतं. चांगलं लांबलचक, व्याकरणशुद्ध. त्यातलं काहीच आलं नाही.

"तारा तुटत नाहीत बघ," मी म्हटलं. "मी तेव्हा खोटं बोलले होते. मला कंटाळा होता, दुसरं काही नाही. आणि ती उचकीही नव्हती. चांगलं होतं ते."

ती माझ्याकडे बघेना, तानपुऱ्याकडेच बघत होती. मग गुडघ्यावर हात रेटून, "ओ मा" करत, माझ्या पायाशी खाली बसली. पूर्वी बसायची तशीच, समोर. डोळे मिटले आणि सा लावला. वर गेला, पण टोकाला फाटला. ती खाकरली, पुन्हा लावला. पुन्हा तिथेच फाटला. तिच्या कानामागचे पांढरे केस मी आजवर इतक्या जवळून पाहिले नव्हते. शिष्येला मी कधी "पुरे" म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हणाले, "पुरे गं."

तिनं डोळे उघडले. हसली, की मला तसं वाटलं. मग हात लांब करून तिनं खुंटीवरच्या माझ्या बोटांवर हात ठेवला आणि म्हणाली,

"आई, उगाच कशाला ताणता? माझा गळा पण आता पांढरी पाचवरच आलाय. खाली उतरवा पाछी, मग बघू, उचकी लागते का."