धारणकर वकील आणि आरोपीची नजर

पडद्यावर न्यायाधीश आले की धारणकर वकील चित्रपटगृहात उठून उभे राहत. मागून कुणीतरी ओरडे, "ओ आजोबा, बसा की." ते शांतपणे म्हणत, "आधी त्यांना बसू दे." आमची ओळख अशीच झाली. त्या दिवशी ओरडणारा मी होतो.

मी एका साप्ताहिकात चित्रपटांची परीक्षणं लिहितो. तो चित्रपट इंग्रजांच्या काळातल्या एका खटल्यावरचा होता. मी भरभरून लिहिलं: काय ते बचावाचं भाषण, काय तो न्यायाधीशांचा हातोडा! वकिलांनी कॉलेज रोडला चहाला बोलावून माझी उलटतपासणी घेतली.

"परीक्षक, जन्म कोर्टात गेला. हातोडा दिसला तो खुर्ची दुरुस्त करणाऱ्या सुताराच्या हातात. आणि एवढं भाषण ठोकलं असतं, तर आमचे साहेब पंख्याकडे बघत बसले असते."

"म्हणजे चांगलं काहीच नाही?"

"आहे ना. उत्तर देण्याआधी आरोपी वकिलाकडे बघतो, ते."

तेवढ्यासाठी ते पुन्हा पुन्हा जात आणि ते दृश्य झालं की बाहेर पडत. मला वाटलं, वयोमानाप्रमाणे लघवीची घाई असेल. तसं मी विचारलंही. माझी अक्कल एवढीच. ते हसले नाहीत.

"घाटापलीकडच्या पेठ तालुक्यातला काशिनाथ, माझा अशील. भावाच्या खुनाचा आरोप. केला नव्हता त्याने. साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला एकेक प्रश्न विचारतात. आम्ही वकील अशिलाला एवढंच पढवतो, काहीही विचारलं तरी 'खोटं आहे' म्हण. पहिलाच प्रश्न आला, मयत तुझा सख्खा भाऊ होता, हे खरं का? काशिनाथने माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, खोटं आहे."

निकालपत्रात त्यावर परिच्छेद होता: जो सख्खा भाऊ नाकारतो, त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? जन्मठेप झाली. काशिनाथ तुरुंगातच मेला.

"त्याच्या बायकोला हे सांगायचं राहिलंय," वकील म्हणाले. "आणि डॉक्टर आता मला पुढची तारीख देत नाहीत."

मी त्यांना माझ्या गाडीतून पेठकडे नेलं. घाटभर मी कॅमेऱ्याच्या करामतींवर बोलत होतो. ते मांडीवरची टोपी चुरगळत होते.

काशिनाथची बायको ओट्यावर नागली पाखडत होती. वकिलांनी रामराम घातला; तिने त्यांना आवाजावरून ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. वकिलांनी घसा साफ केला, "बाई, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"मलाच इचारायचाय तुमाला," ती म्हणाली. "तुमी शिकवला तसाच बोलला ना तो? त्याला लय भेव होता, चुकंल म्हणून. रातभर घोकत बसं."

वकिलांनी चुरगळलेली टोपी मांडीवर सरळ केली.

"तसंच बोलला," ते म्हणाले. "एकदाही चुकला नाही."

म्हातारी सुनेकडे वळली. "मी म्हनत व्हते ना?"

आम्ही चहा पिऊन निघालो.

महिन्याभरात वकील गेले. मी पेठला निरोप पाठवला. म्हातारी सुनेला घेऊन आली आणि वकिलांच्या अंगणात जमलेल्या काळ्या कोटांना एकेक करून सांगत राहिली, "आमच्या मानसासाठी लय झगडले वकीलसायेब." मग ती माझ्याकडे वळली. मी 'हो' म्हणून मान हलवली.