तिसऱ्याला शोधणारे आमचे साडू

आमच्या साडूंइतका चुकीच्या जागी बसून बरोबर विचार करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. देवळाली प्रवऱ्याजवळच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि घरच्या न्हाणीत कालव्यावरून आणलेली बेडकाची शेपटीवाली पिल्लं पाळत. आल्या-गेल्यानं अंघोळ विहिरीवर करायची. "पिल्लास्नी ऊन लागंल म्हनून न्हाणीला पडदा हाय, माझ्या खिडकीला न्हाई," असं माझी थोरली मेहुणी येईल त्याला ऐकवायची.

"पाहुणे," साडू मला म्हणत, "ह्याच्या पेशीत पाय फुटायचा हुकूम पहिल्यापासून लिहिलेला आहे. मग फुटत का नाही?" मी साखर कारखान्यातला कारकून. हुकूम असून काम होत नाही, याचं मला कसलं नवल! ते पुढं सांगत, "हुकमावर एक पहारेकरी प्रथिन बसलंय, हे जगाला कळलंय. पण ते एकटं काय दाबणार? त्याला चिकटलेलं तिसरं कुणीतरी असणार. ते हुकमाला स्वतः शिवत नाही, पण जनुकाचा दोरा रिळावर असा आवळून ठेवतं की कुणाला वाचताच येऊ नये. थायरॉइडचा रस आला की ते सुटतं, आणि पाय फुटतात." हा तिसरा जगाला आपणच आधी सांगायचा, एवढीच त्यांची आयुष्याकडं मागणी होती.

हा तिसरा त्यांना कुठंही दिसे. जामखेडला माझ्या भाचीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाचा बाप हो म्हणेना, नाही म्हणेना. साडू भर बैठकीत म्हणाले, "बाप नुसता बसलाय. दाबतोय तो मागचा मामा. मामाला बाहेर न्या." मामा तरातरा उठला तो थेट टेम्पोत जाऊन बसला. आम्ही कपाळाला हात लावला. तासाभरात सुपारी फुटली.

मग पुण्याच्या एका परिषदेत त्यांना बोलायची संधी मिळाली. "उतरायचं इसरत्याल, तुमी संगं जावा," म्हणून मेहुणीनं मला धाडलं. एसटीत त्यांनी सगळं भाषण कंडक्टरला म्हणून दाखवलं. त्यानं "लई भारी, सर" म्हणून तिकीट फाडलं.

त्यांच्या आधीच्या वक्त्यानं पडद्यावर चित्र लावलं. परदेशात तो तिसरा सापडला होता. त्याचं नावही पडलं होतं, कोरिप्रेसर. मला बाकी काही कळलं नाही, पण साडूंचा चेहरा कळला. सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवत होते. त्यांची पाळी आली तेव्हा ते वर गेले, "आधीचे वक्ते म्हणाले ते खरं आहे," एवढं बोलले आणि खाली आले.

परतताना शिरूरच्या स्टँडवर मी दोघांना चहा घेतला.

"पाहुणे, पण तो होताच ना?"

"होताच की, भाऊसाहेब. तुम्ही कधीपासून सांगताय."

"मग बरं." चहा तसाच निवत होता. "आता घरी जाऊन मी काय बघू?"

कंडक्टरनं घंटी मारली. त्यांच्या दंडाला धरून मी त्यांना गाडीत चढवलं आणि खिडकीची जागा दिली.