डाव्या पिळाचं काज

बाई सुई डाव्या हातात धरायच्या आणि गिऱ्हाईक उजव्या हाताने हाकलायच्या. तोंडातून शब्द क्वचित निघायचा. मान वर न करता उजव्या हाताची बोटं दोनदा हलवली की गिऱ्हाइकाने समजायचं, आज काही होणार नाही, उद्या या. आमच्या दुकानात त्यांना कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. समोर ‘काजवाल्या बाई’ आणि पाठीमागे ‘डावरी’. पाठीमागचं त्यांना ठाऊक होतं. एकदा चहावाल्याला म्हणाल्या, “डावरीचा चहा कमी गोड, सांगितलं होतं ना?” तो बिचारा महिनाभर त्यांच्याकडे बघायचा नाही.

आमचं दुकान शनिवार पेठेत. नाटकाचे, गॅदरिंगचे, मिरवणुकीचे जुन्या काळचे कपडे आम्ही शिवून देतो, भाड्यानेही देतो. सरदारांचे अंगरखे, दरबाऱ्यांच्या अचकनी, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या साहेबाचे लांब कोट. अंगरख्याला बंद असतात, तिथे बाईंचं काम नसायचं. पण अचकन किंवा साहेबाचा कोट आला की गळ्यापासून खाली बटणांची रांग, आणि जितकी बटणं तितकी काजं. बटण अडकवायला कापडात चीर देतात आणि तिच्या कडा दोऱ्याने बांधून घेतात, ते काज. सगळ्यांच्या अंगावर असतं, बघत कोणी नाही. मी चौथीपर्यंत शिकलो. पण कापड बेतण्यात मला पुण्यात कोणी काही शिकवावं असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही. काज मात्र मी बाईंवर सोडलं होतं.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या यजमानांची हडपसरच्या कारखान्यातली नोकरी नुकतीच गेली होती. पिशवीतून स्वतःची सुई, स्वतःचा दोरा आणि मेणाचा खडा काढून बसल्या. सुई डाव्या हातात. मी म्हटलं, “बाई, डाव्या हाताने कोटाला हात लावायचा नाही. आमच्याकडे तसं चालत नाही.”

“मग असं करू. एक काज तुम्ही उजव्याने करा, एक मी डाव्याने करते. बरं दिसेल ते ठेवा.”

मी करायला बसलो नाही. त्यांनी केलेलं ठेवलं. त्यानंतर वीसेक वर्षं त्या खिडकीपाशी त्याच जागी बसल्या.

मशीन आधी शिवतं आणि मग मधोमध चिरतं. हाताच्या काजाचं उलटं असतं. आधी चिरायचं आणि मग शिवायचं. बाई खडूने केसासारखी रेघ ओढायच्या, पातं टेकवायच्या, श्वास धरायच्या आणि एका दमात चिरायच्या. जरा सरकलं तर सगळी मखमल वाया. माझा इतक्या वर्षांचा हात, पण त्या चिरायला लागल्या की मी कात्री खाली ठेवायचो. आणि एका वेळी एकच. पुढची सगळी एकदम चिरून ठेवली तर काम भराभर होईल, असं मी एकदा सुचवलं. त्या म्हणाल्या, “चिरून ठेवलं की कापड सुटायला लागतं, मास्तर. बांधून होईल तेवढंच उघडावं माणसाने.”

त्यांचं काज मी अंधारात हाताने ओळखलं असतं. उजव्या हाताच्या कारागिराची गाठ एका अंगाला कलते, बाईंची दुसऱ्या. एकेकटं बघितलं तर काही कळायचं नाही. रांगेने बघितलं की वाऱ्याने गवत उलट्या दिशेला निजावं तसं दिसायचं. भाड्याने दिलेला कोट बदलून आला, असं गावात होतं. लोक आपला म्हणून दुसऱ्याचा आणून देतात. मी पहिल्या काजावर अंगठा फिरवायचो आणि सांगायचो, हा आमचा नाही.

हा डावा हात त्यांनी भांडून मिळवलेला होता. लहानपणी त्यांचे वडील तो परकराच्या नाडीने कमरेला बांधून ठेवायचे. जेवायला उजवा आणि देवाला उजवा एवढं त्यांनी ऐकलं, कामाला ऐकलं नाही. “बाबा दाराबाहेर गेले की आई गाठ सोडायची,” एकदाच सांगितलं होतं त्यांनी, तेही दोऱ्याला मेण लावता लावता. दुकानात प्रसाद आला की सुई बाजूला टोचून, उजवा हात पदराला पुसून पुढे करायच्या.

बोलणं मात्र पेठेतलं. एक पोट सुटलेले नट होते, नेहमी साहेबाचं काम करायचे. कोट घालून बघितला आणि म्हणाले, “बाई, काजं लहान झालीत. बटण जात नाही.”

“काज आहे तेवढंच आहे. मागच्या नाटकानंतर तुम्ही मोठे झालात.”

नट हसले, पण बटण लावताना श्वास आत घ्यावाच लागला त्यांना.

गेल्या वर्षी एका तरुण मुलांच्या नाटकमंडळीकडून काम आलं. इंग्रज कंपनीच्या काळातलं नाटक, साहेबाचा लाल कोट, पुढे बटणांची लांब रांग. नाटक बसवणारा मुलगा शिकलेला, स्वभावाने चांगला, ‘काका काका’ करायचा. बाईंनी वरून काजं करायला घेतली होती. अर्धी रांग झाली होती. दुपारचा चहा नुकताच येऊन गेला होता आणि मी मापं घेत होतो. मागून बाई म्हणाल्या, “मास्तर, माझी सुई बघा हो कुठे पडली.”

मी खाली बघितलं. सतरंजी झटकली. चुंबक फिरवला. मग त्यांच्याकडे बघितलं. सुई त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांतच होती.

“बाई, तुमच्या हातात आहे.”

त्यांनी हाताकडे बघितलं, तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं. “नाही,” म्हणाल्या, “हातात नाहीये.” आणि डाव्या अंगावर कलंडल्या.

अर्धांगवायू. जीव वाचला, डावी बाजू गेली. बाईंच्या मुलाने त्यांना वारज्याला स्वतःच्या फ्लॅटवर नेलं. कोट तसाच राहिला. रांगेतलं मधलं एक काज चिरलेलं, एक कड बांधलेली, दुसरी उघडी, आणि तिच्यात सुई लोंबत होती. ती मी काढली नाही.

नाटकवाला मुलगा आला. कोट उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, “काका, वाईट वाटलं. पण आता उरलेली मशीनवर मारून टाकू या ना? लाइट्समध्ये प्रेक्षकांना काय कळणार आहे?”

“मला कळेल.”

“तुम्ही प्रयोगाला येता कुठे, काका?”

“येत नाही. तरी कळेल.”

त्याचं खोटं नव्हतं. पण अर्ध्यावरून मशीन लावलं असतं तर बाईंची सगळी उसवावी लागली असती, नाहीतर रांग ठिगळ लावल्यासारखी दिसली असती. दुसऱ्या कारागिराचंही तेच. मी स्वतः उजव्या हाताने चिंधीवर करून बघितलं. गाठी आमनेसामने येऊन भांडल्यासारख्या दिसत होत्या.

वारज्याला गेलो. बाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. डावा हात मांडीवर, आत दंड नसलेल्या बाहीसारखा. त्याच्या मुठीत डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू. सूनबाईंनी दारातच मला हळू सांगितलं, “काका, दुकानाचं काही काढू नका हं. त्या रडत नाहीत, पण मग जेवतही नाहीत.”

आतून आवाज आला, “काय कुजबुज चाललीय? कोटाचं काय झालं?” जीभ जड झाली होती, धार तेवढीच होती.

मी सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “उसवा.”

“नाही.”

“उसवा म्हणते ना. सगळी एका हाताची करून घ्या. माझ्या कामात भेसळ नको. माझं नाही राहिलं तरी चालेल.”

“मला नाही चालत.”

“कोट तुमच्या अंगात घालायचाय का?”

मी उठलो. निघताना त्या मांडीवरच्या हाताकडे बघून म्हणाल्या, “बाबांचं ऐकायला हवं होतं. उजवा आज कामाला आला असता.” हसून म्हणाल्या. सूनबाई स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मी अंगरख्याच्या बंदांची उरलेली नाडी घेतली आणि माझा उजवा हात कमरेला बांधला. बांधल्याशिवाय तो ऐकत नव्हता, मध्येमध्ये यायचा. उभा जन्म सुई धरलेला माणूस मी, डाव्या हातात सुई घेतली आणि दोरा ओवता येईना. गिऱ्हाइकं विचारायची, “हाताला काय झालं?” मी म्हणायचो, “शिक्षा.” पुढे कोणी विचारलं नाही.

झालेलं काज चिंधीसकट खिशात घालून मी वारज्याला जायचो. पहिलं बघून बाई म्हणाल्या, “हे काज नाही, मास्तर, जखम आहे.” दुसऱ्याला म्हणाल्या, “ही भरतेय.” एकदा मी त्यांच्यासमोरच करायला बसलो. नाडी काढून सूनबाईंना म्हटलं, जरा हात बांधा. बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “गाठ सैल बांध गं. वळ उठतात.”

त्या दिवसानंतर ‘उसवा’ हा शब्द त्यांनी काढला नाही. शिकवायला लागल्या. दोरा किती ओढायचा, अंगठा कुठे ठेवायचा. त्यांचा उजवा हात हवेत वेडावाकडा फिरायचा, शब्द अडायचे, मग चिडायच्या. “असं नाही. असं. अहो, असं!” असं म्हणजे कसं ते ज्या हाताला ठाऊक होतं, तो चेंडू धरून पडलेला. मी समजून घ्यायचो. न समजता मान हलवली की त्यांना कळायचं.

प्रयोग जवळ आला. मी कोटाला हात घातला. आधी ते अर्धं राहिलेलं काज, बाईंच्याच सुईने. मग पुढची, एकेक चिरून. तळाचं एक उरलं तेव्हा कोट घडी करून वारज्याला नेला, म्हटलं शेवटचं त्यांच्यासमोर करू.

त्यांनी मला कोट त्यांच्या मांडीवर पसरायला लावला. डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा वरच्या काजापासून खाली न्यायला सुरुवात केली. तो हात या कामाला नवखा होता, अडखळत होता. मधल्या काजावर थांबला.

“इथे मी उठले,” त्या म्हणाल्या.

बरोबर तेच काज होतं. अंगठा पुढे गेला, माझ्या काजांवरून, हळू. बरं की वाईट ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही दोघंही तसलेच. तळाला खडूची रेघ होती, तिथे पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले.

“हे राहू द्या.”

“का? आणलंय तेवढ्यासाठीच.”

“हे मी करीन. बरी झाल्यावर.”

सूनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी कोटाची घडी घातली. “बरं,” म्हटलं, “तुमच्यासाठी ठेवतो.” पातं खिशातच राहिलं.

पहिला प्रयोग झाला. नाटकवाल्या मुलाचा फोन आला, नाटक चांगलं झालं म्हणून. मग जरा चाचरत म्हणाला, “काका, ते खालचं एक काज राहिलंय. बटण लागत नाही, साहेब चालायला लागला की कोटाचं पुढचं पाखं उडतं.”

“साहेबाला सांगा, हळू चाल.”

“पण राहिलंय ना ते?”

“राहिलेलं नाही. ठेवलंय.”

थंडी सुरू झाली त्या सुमारास बाई गेल्या. झोपेत, दुसरा झटका. मी पोचलो तेव्हा हात छातीवर घेतले होते, आणि कोणीतरी उजवा वर, डावा खाली असे ठेवले होते. मी पुढे होऊन बदलले. गुरुजींनी बघितलं, बाईंच्या मुलाने बघितलं. हात तसेच राहू दिले. चेंडू उशाशी होता. सूनबाईंनी तो नंतर मला दिला, का दिला ते त्यांनाही सांगता आलं नाही.

खिडकीपाशी आता कोणी बसत नाही. हाताचं काज मागायलाही फारसं कोणी येत नाही. लग्नातल्या जुन्या थाटाच्या अचकनींना आता आत टिचबटणं आणि वर नुसती दिखाऊ बटणं लावून मागतात. मी लावून देतो, दुकान चालवायचं आहे. पण कोणी काज मागितलंच तर डाव्या हाताने करतो. नाडी आता लागत नाही. बाईंच्या गाठीसारखी गाठ येत नाही, ती येणारही नाही, पण कलते त्याच अंगाला.

लाल कोट प्रयोगानंतर आमच्याकडेच येतो, ठेवायला. प्रत्येक वेळी मी तो टेबलावर पसरतो आणि तळाशी बघतो. वापरून, घासून खडूची रेघ पुसलेली असते. मी खडू घेतो आणि तिथेच पुन्हा ओढतो, केसासारखी. पातं शेजारीच असतं. त्याला हात लावत नाही.