तीच नक्षी, दोनदा

उंदराच्या ज्या जनुकामुळे माझं नाव झालं, त्यातली मुख्य गोष्ट मी शोधली नव्हती. ती बुऱ्हाणपूरच्या एका यंत्रमाग कारागिराने मला दाखवली होती.

मी सुटीत घरी आलो होतो. बुऱ्हाणपूरच्याच राजपुरा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर प्रयोगाची फिल्म उन्हाकडे धरून तिच्यावरच्या काळ्या आडव्या रेघांवरून जनुकाची अक्षरं वाचत होतो. फिल्मवरचा हा भाग प्रत्यक्ष जनुकाच्या जरा आधीचा होता. जनुक कधी जागं व्हायचं, ते तिथे ठरतं. समोरच्या कारखान्यातून तो चहाला आला. भुवयांवर कापूस होता, बोटं बसल्याजागी न दिसणारा धागा चाचपत होती. त्याच्याभोवती तंतू उन्हात तरंगत होते आणि मागांचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

"कशाची नक्षी आहे भाऊ?"

"उंदराची."

"वा! उंदीर आमचं सूत कुरतडते, अन् तुम्ही त्याची कुंडली वाचता!" तो हसला. मग फिल्मला बोट न लावता म्हणाला, "ही खालची नक्षी वर पुन्हा आली ना. वर दाटली आहे, पण तीच आहे."

महिनाभर अक्षरं वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. त्या दोन सारख्या तुकड्यांशिवाय जनुक जागं होत नाही, हे पुढे सिद्ध झालं. शोधनिबंधात मी लिहिलं, 'आमच्या लक्षात आलं.' आभारांत प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणाराही होता, हा नव्हता.

त्याचं नाव माहीत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे, उठताना त्याने माझं नाव विचारलं होतं आणि मी सांगितलंही होतं. त्याचं मी विचारलं नाही.