मागे पाहण्याचे काम

लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. नोकरीची सारी वर्षे शाळेत दुसऱ्यांचे निबंध तपासण्यात गेली. स्वतःचे असे पान सत्तरीत प्रथमच लिहिते आहे. त्यातही विषय स्कूटरचा, आणि ती मला चालवता येत नाही.

स्कूटर यजमानांची. मी मागे बसणारी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मणक्याच्या दुखण्याने त्यांची मान आखडली आणि हळूहळू वळेनाशीच झाली, आरशात पाहण्यापुरतीही. तेव्हापासून मागे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. मागून वाहन येत असेल तर त्यांच्या खांद्यावर एक चापटी, रस्ता मोकळा असेल तर दोन. मी नीट बसले की नाही, हेही त्यांना वळून पाहता येत नसे. म्हणून निघताना ते विचारीत, "बसलीस न्हवं?" मी खांद्याला हात लावला की स्कूटर निघे.

दर रविवारी आम्ही कागलच्या रस्त्यावरच्या एका संस्थेत जात असू. तिथे आमची मुलगी राहते. तिचे वय वाढले, समज लहान मुलीचीच राहिली. तिला उचलून बसवण्याचे बळ आमच्या हातांत उरले नाही, तेव्हा तिला तिथे ठेवावे लागले; शहरातल्या संस्थांत तिला घेणारे कोणी नव्हते. रविवारी ती सकाळपासून फाटकाशी बसते आणि मी भरवल्याशिवाय कोणाच्या हातचे खात नाही. एसटीची उंच पायरी आम्हा दोघांच्याही गुडघ्यांना चढत नव्हती. रिक्षावाले तितक्या लांब येऊन थांबायला राजी नसत.

पुढे हमरस्ता रुंद झाला, मध्ये दुभाजक आला. संस्था उजव्या हाताला. पुढे जाऊन वळसा घ्यायचा, तर भरधाव गाड्यांमधून उजवीकडे सरकावे लागे. एकदा दोन चापट्या देऊन हात उचलते, तोच एक बस कानाजवळून गेली. त्यानंतर यजमानांनी बराच विचार करून तोड काढली. अलीकडच्या गावात गाड्या मंदावतात, तिथेच रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या कडेने उलट्या दिशेने जायचे. मागचे दिसत नाही, तर सारा धोका समोरच ठेवायचा. मलाही ते पटले, इतके आम्ही टेकीला आलो होतो.

एका रविवारी समोरून दोन ट्रक शेजारी-शेजारी आले. यजमानांनी स्कूटर कडेच्या खडीत घातली आणि आम्ही पडलो. त्यांचे कोपर सोलवटले, दहीभाताचा डबा खडीत सांडला. एका ट्रकचा चालक उतरून धावत आला.

"पावणं, जगायचं न्हाय का तुमास्नी? उलट्या बाजूनं कुठं चाललाय?"

"मान वळत न्हाय माझी," यजमान म्हणाले. "मागनं कोण आलं तर कळत न्हाय. समोरचं दिसतंय तरी."

"तुमास्नी आम्ही दिसतोय, पर आमास्नी तुमी दिसाय नगो व्हय?" मग त्याने माझ्याकडे पाहिले. "घरात पोरंबाळं न्हाईत का, आजी?"

"पोरीकडेच चाललोय," मी म्हणाले.

त्याने स्कूटर उभी केली. यजमानांच्या पायात किक मारण्याचेही बळ नव्हते; घरून निघताना शेजारी मारून देत, परतताना संस्थेतले कोणी. ते त्याच्याकडे पाहत नुसते उभे राहिले. त्याला कळले असावे. किक मारून, मान हलवत तो निघून गेला.

आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगी फाटकाचे गज धरून बसली होती. संस्थेतलाच भात मी तिला भरवला. तिने तो सगळा खाल्ला.

पुढच्या रविवारी शेजाऱ्यांनी किक मारून दिली. डबा माझ्या हातात होता आणि मी अजून दाराच्या पायरीवरच उभी होते. यजमानांना ते दिसत नव्हते.

"बसलीस न्हवं?" त्यांनी विचारले.

वाचकहो, तुम्ही बसला असता का?