काळ्या रानातलं घर

धरणासाठी आमचं डोंगरातलं गाव उठलं तेव्हा मी नववीत होतो. साताऱ्याकडच्या त्या खोऱ्यातून आम्हाला सांगली जिल्ह्यात, काळ्या रानात प्लॉट मिळाला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुन्या घराचे खांब आणि वासे ट्रकात घालून आणले आणि तसंच घर पुन्हा उभं केलं. उतरतं छप्पर, कमरेपर्यंत आलेली वळचण, मधोमध चूल, बाजूला गोठा.

शेजारच्या गावचा एक म्हातारा बघायला आला. "आवं पाव्हणं, एवढा उतार कशाला? हितं पाऊस हाय कुठं?"

"आमच्याकडं असंच बांधत्यात," आबा म्हणाले.

पहिल्याच उन्हाळ्यात जमीन फाटली आणि भिंतीही. आईचा हात आत जाईल एवढे तडे. आबा ते बुजवायचे. पुढच्या वर्षी भिंत दुसरीकडं फुटायची. खोऱ्यातल्या पावसात चुलीच्या धगीनं घर कोरडं राहायचं. इथं त्याच चुलीपुढं आई उकाड्यानं चक्कर येऊन पडली, तेव्हा चूल बाहेर पत्र्याखाली नेली. वारा लागावा म्हणून आबांनी वळचणीचे वासे करवतीनं कापले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बरोबर आणलेल्या दोन गाईंना रानात मोकळं चरायची सवय. इथं सगळीकडं दुसऱ्यांचा ऊस. गाई बांधावर दिसल्या की लोक भांडायला यायचे. शेवटी आबा त्या कराडच्या बाजारात विकून आले. गोठ्याला भिंत घालून मला अभ्यासाची खोली केली. तिथं शेणाचा वास यायचा. मी आईला कधी सांगितलं नाही.

आई मिरजेच्या दवाखान्यात वारली. पुढं मी ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. आबा आत यायला तयार नव्हते. हाताला धरून आणावं लागलं.

आता त्यांना फारसं आठवत नाही. सकाळी विचारतात, "आपल्या घरी कवा जायचं रं?"

आधी मी समजावून सांगायचो की गाव पाण्याखाली गेलं. ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. म्हणून मी ते सोडून दिलं. आता नुसतं "जाऊ" म्हणतो. मग ते टोपी घालून पायरीवर बसतात, आणि जेवायला बोलावलं तरी उठत नाहीत.