खिळवलेल्या बाकांवरचा गोल तास

धनसिंग आडे गेला, हे मला वणीच्या बसस्टँडवर फोनवर कळलं. कोळशाचे ट्रक असे धडधडत होते की सांगणाऱ्याला मी पुन्हा पुन्हा ओरडायला लावलं, आणि माझ्याआधी निम्म्या स्टँडला कळलं की आडे सर गेले. चहावाल्यानंच मला धरून बाकड्यावर बसवलं... मेंदूतली रक्तवाहिनी फुटली म्हणे. मला पटतं. त्या डोक्यात एका वेळी इतकी माणसं भांडत असायची की एखादी भिंत पडणारच होती.

यवतमाळला अर्थशास्त्रात एम. ए. करताना आम्ही एका खोलीत राहत होतो. तो बंजारा तांड्यावरचा, मी केळापूरकडचा कुणबी. घरच्यांशी तो गोरबोलीत बोलायचा, माझ्याशी वऱ्हाडीत भांडायचा, आणि पुस्तकातली मराठी आम्हा दोघांकडे पाहुणीसारखी अवघडून बसायची. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक कडक परीक्षक आले होते. त्यांनी धनूला विचारलं, "कापसाची खरेदी सरकारनं करावी की बाजारावर सोडावी? तुमचं मत सांगा." धनू उठला, दार उघडलं आणि बाहेर पाळीची वाट पाहत घाम पुसणाऱ्या आम्हा सगळ्यांना हाक मारली, "या रे आत, सरायनं निवाड्याचं इचारलं." त्याच्या तांड्यात नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, प्रश्न आला की सगळे बसतात, सगळे बोलतात, आणि एकट्यानं मत देणाऱ्याला लोक अर्धवट समजतात. परीक्षक लालबुंद झाले. "ही सरळसरळ कॉपी आहे."

"कॉपी लपून करतेत सर," धनू शांतपणे म्हणाला, "मी त दार उघडलं."

नापास झाला. पुढच्या खेपेला एकट्यानं घडाघडा उत्तर दिलं आणि पहिला आला. पेढा देताना म्हणाला, "आता पुस्तक पास झालं. मी अजून परीक्षेले बसूनच हाव."

पुढे आम्ही दोघं एकाच कॉलेजात लागलो, आणि धनूनं आपला वर्ग गोल केला. बाकं भिंतीला सरकवायची, मुलं गोल बसवायची, मधे एक प्रश्न टाकायचा आणि आपण बाजूला व्हायचं. तो गलका असा असे की पैनगंगेपलीकडे तेलंगणातल्या म्हशी पान्हा चोरत. मी अतिशयोक्ती करतो असं कुणाला वाटत असेल तर त्यानं म्हशींना विचारावं. पण ज्या मुलांच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, ती तिथे मागणी-पुरवठ्यावर असं भांडत जसं शेताच्या धुऱ्या-बांधावरून भांडावं.

एकीवर मात्र त्याची मात्रा चालेना. जयवंता टेकाम, कोलाम पोडावरची. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची जंगलाकडेची वस्ती. पहिले काही महिने पोरीनं तोंड उघडलं नाही. धनूनं एकदा विचारलंच, "काहून बोलत नाही व बाई? तुले पटत नाही का?"

"सगळ्यायचं आयकून झाल्याशिवाय कसं बोलू सर?" ती म्हणाली. "अन् तुमी त थांबतच नाही."

त्या दिवशी धनू जेवला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "लेका, त्या परीक्षकानं मले जे केलं, थेच मी हिले करून राह्यलो." दुसऱ्या दिवसापासून नवा नियम आला. भांडण संपलं की सगळ्यांनी गप्प व्हायचं, आणि शेवटचा शब्द ऐकणाऱ्यांचा.

प्राचार्यांना मात्र फक्त गलकाच ऐकू यायचा. त्यांनी वेल्डर बोलावला आणि बाकं रांगेत लावून फरशीला बोल्टनं जखडून टाकली. अर्थशास्त्राच्या इतिहासात बाजारभाव स्थिर करायला एवढं लोखंड कुणी वापरलं नसेल. दुसऱ्या दिवशी पोरं बाकांवर उलटी बसली, काही डेस्कवर चढली, धनू मधल्या जागेत उभा राहिला आणि तास झाला. मग लेखी आदेश निघाला: यापुढे तास रांगेत आणि शांततेत होईल, नाहीतर विषयच काढून घेतला जाईल. धनूनं त्यावर सही करायला नकार दिला. आठवड्याच्या आत वणीच्या स्टँडवर मला तो फोन आला.

विषय माझ्याकडे आला. "तुम्ही समजूतदार आहात," प्राचार्य म्हणाले. हा शब्द मला आयुष्यात कुणी लावला नव्हता, म्हणून मी मागे वळून पाहिलं, पाठीशी कुणीच नव्हतं.

पहिल्या तासाला पोरं रांगेत, फळ्याकडे तोंड करून, मुकाट बसली होती... ते दुःख होतं की आदेशाची भीती, कळेना. मी आदेशाची घडी करून खिशात घातली, मधल्या जागेत जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "कापूस घरात आला की भाव कायले पडते?"

एक बाक करकरलं. मग दुसरं. मग जे भांडण पेटलं त्यात माझे दोन सिद्धांत जागीच ठार झाले. प्राचार्य तरातरा दारात आले, आणि नेमकं तेव्हाच भांडण संपलं. सगळा वर्ग गप्प. ते सुखावले. "हं. अशी शांतता पाहिजे," म्हणाले.

त्यांच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांची तोंडं जयवंताकडे. "इकणारे एकएकटे जातेत," ती हळूच म्हणाली, "अन् घेणारे मिळून येतेत. म्हणून..."

"काय? मोठ्यानं बोल," प्राचार्य म्हणाले.

डेस्कवर बसलेला एक पोरगा वळला. "तुमी जरा जवळ या ना सर," तो म्हणाला. "हे पोरगी हळूच बोलते."

जयवंता थांबली होती. प्राचार्य दोन बाकांच्या मधून आत आले.